दूरच्या आकाशाचे छायाचित्रण : आधी माउंट, मग दुर्बीण

तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची छायाचित्रे घेण्याची हौस असलेला नवशिका बहुधा सर्वप्रथम दुर्बिणीची चौकशी करतो. हाताशी असलेली बहुतेक रक्कम दुर्बिणीवर खर्च होते आणि तिला पेलणारा माउंट, म्हणजे तिची फिरती बैठक, उरलेल्या पैशांत घेतली जाते. नुसत्या आकाशदर्शनासाठी हे चालून जाते. छायाचित्रणात मात्र हा क्रम उलटा असावा लागतो.

त्याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात आहे. २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत आकाशाची एक फेरी पूर्ण होते. म्हणजे विषुववृत्तालगतचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. (एक अंश म्हणजे ६० कला आणि एक कला म्हणजे ६० विकला.) ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि ४ मायक्रोमीटरचे पिक्सेल असलेला कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे २ विकलांचे आकाश मावते. दुर्बीण स्थिर राहिली, तर एका सेकंदात तारा सात पिक्सेल ओलांडतो आणि ठिपक्याऐवजी रेघ उमटते. अंधूक तेजोमेघासाठी तर कित्येक मिनिटांची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करावी लागतात. हा सारा वेळ तारा जागच्या जागी धरून ठेवणे हे माउंटचे काम आहे.

माउंटचे दोन प्रकार

उन्नतांश-दिगंश पद्धतीचा माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो. तो मांडायला सोपा असतो. पण ताऱ्याचा पाठलाग करताना कॅमेऱ्यातील दृश्य हळूहळू स्वतःभोवती फिरते आणि कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवली येथे असलेली आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण याच पद्धतीची आहे. तेथे हा दोष दूर करण्यासाठी उपकरणच फिरवत ठेवण्याची यंत्रणा असते. हौशी अभ्यासकाला तो खर्च झेपणारा नसतो.

विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेला असतो. त्यामुळे एकाच अक्षाभोवती संथ गती दिली की तारा आणि त्याभोवतीचे दृश्य दोन्ही स्थिर राहतात. दीर्घ छायाचित्रणासाठी नवशिक्याने हाच प्रकार निवडावा.

वीस अंशांवरचा ध्रुव

छत्रपती संभाजीनगरचे अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर आहेत. ध्रुवताराही क्षितिजापासून जवळपास तितक्याच उंचीवर, हात पुढे ताणून धरलेल्या दोन मुठींइतका वर दिसतो. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत तो याच्या दुप्पट उंचीवर गृहीत धरलेला असतो. येथील ग्राहकाने म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, माउंटचा अक्ष २० अंशांपर्यंत सहज खाली आणून घट्ट बसवता येतो का. दुसरी, अक्ष असा आडवा झाल्यावर प्रतिवजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो का. अडत असल्यास माउंटखाली उंची वाढवणारा खांब लागतो. तिसरी, निरीक्षणाच्या जागेवरून उत्तर क्षितिज मोकळे आहे का. डोळ्यांच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच इमारत २७ मीटरच्या आत असेल, तर ती ध्रुवतारा झाकून टाकते. गच्चीवरून छायाचित्रण करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नसून त्यापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे. अक्ष ५ कलांनी चुकला, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १.३ विकला सरकतो. एका अंशाने चुकला तर सुमारे १६ विकला. ध्रुवतारा झाकलेला असेल, तर ताऱ्यांचे सरकणे पाहून किंवा संगणकाने छायाचित्रातील तारे ओळखून अक्ष जुळवता येतो.

वजन आणि अचूकता

कंपनी सांगते ती वजनक्षमता छायाचित्रणासाठी पूर्ण वापरू नये. दुर्बीण, कॅमेरा आणि इतर उपकरणे मिळून क्षमतेच्या निम्मे ते दोन-तृतीयांश वजन भरावे. स्काय-वॉचरच्या स्टार अ‍ॅडव्हेंचररची क्षमता ५ किलो, तर ईक्यू६-आरची २० किलो आहे. मात्र दुसऱ्याचे नुसते शीर्षच १७ किलोंहून जड असल्याने ते दर वेळी गावाबाहेर नेणे शक्य आहे का, याचाही विचार करावा. दंतचक्रांतील बारीक दोषांमुळे तारा मागे-पुढे डुलतो. नाभीय अंतर वाढले की हा दोष ठळक दिसतो आणि तो सुधारण्यासाठी एका ताऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा छोटा कॅमेरा जोडावा लागतो. प्रतिवजनाशिवाय चालणारे हलके हार्मोनिक ड्राइव्ह माउंट प्रवासाला सोयीचे असतात, पण त्यांना हा मदतनीस कॅमेरा जवळजवळ अनिवार्य असतो.

सुरुवात कशी करावी

हाती कॅमेरा असल्यास प्रथम हलका ट्रॅकर आणि १३५ मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरेशी आहे. पावसाळा सरल्यावर नोव्हेंबर ते मार्च हा काळ अनुकूल असतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघ येथून ६५ अंशांपर्यंत वर येतो. सुरुवातीला तोच निवडावा. खुलताबादजवळच्या म्हैसमाळवरून शहराचा उजेड आग्नेयेकडे राहतो, त्यामुळे उत्तरेकडे ध्रुवतारा शोधणे सोपे जाते.

पहिल्या काही रात्री केवळ अक्ष जुळवण्याच्या सरावासाठी ठेवाव्यात. एक मिनिटाच्या छायाचित्रात कडेपर्यंतचे तारे गोल उमटू लागले, की मगच मोठ्या दुर्बिणीचा विचार करावा. चांगला माउंट दुर्बिणी बदलल्या तरी वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. डगमगत्या माउंटवर मात्र महागडी दुर्बीणही वाया जाते.