जुना अल्बम आणि १९८४चे पनवेल

१५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आयर्लंडच्या यू-टू या रॉक बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. सायन-पनवेल महामार्गालगतच्या या मैदानात त्यांनी १९८७चा आपला ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम सबंध सादर केला. जुन्या गाण्यांवर पुन्हा पैसा करायचा हा मार्ग, असा आक्षेप अशा दौऱ्यांवर घेतला जातो. तिकिटे महाग असतात आणि बरीच गर्दी आठवणींच्या ओढीने येते, हे खरेच आहे. पण अल्बम सबंध वाजवायचा ठरला की गाजलेल्या गाण्यांमागे राहिलेली गाणीही वाजवावी लागतात. या अल्बमची पहिली तीन गाणी जगभर पोहोचली. ‘रेड हिल मायनिंग टाउन’ हे सहावे गाणे मात्र या बँडने २०१७पर्यंत एकाही मैफलीत गायले नव्हते. या गाण्यामागे १९८४-८५चा ब्रिटिश खाणकामगारांचा संप आहे. शेवटचे गाणे अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या आयांचे आहे. मागे पाहण्याचे मोल इथे कळते: वगळलेलेही क्रमाने ऐकावे लागते.

पनवेल परिसराचा इतिहास मात्र आपण केवळ गाजलेल्या गाण्यांपुरता सांगतो. नवे शहर वसवणारी १९७०ची सिडको, १९८९चे न्हावा-शेवा बंदर, द्रुतगती मार्ग, विमानतळ. ज्यांच्या शेतांवर हे उभे राहिले ते ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांचे आगरी, कोळी आणि इतर शेतकरी या यादीत दिसत नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यातील जासई परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उतरलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ५ जण हुतात्मा झाले. नेतृत्व शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे होते. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण या लढ्यातून पुढे आले. आज शहरात ज्या भूखंडांचे व्यवहार होतात, त्यांतल्या अनेकांचा उगम तिथे आहे.

आयरिश अल्बमाचा जासईशी काय संबंध, असे कोणी विचारील. थेट संबंध नाहीच. पण ब्रिटनचा तो संपही १९८४मध्येच, मार्च महिन्यात सुरू झाला. खाण असो वा शेत, तिचे भवितव्य वरून ठरते तेव्हा तिच्यावर जगणाऱ्यांचा शब्द किती चालतो, हा प्रश्न दोन्हीकडे होता. जासईत हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन होतेच, असेही म्हणता येईल. ते होते, आणि गावांनी ती आठवण निष्ठेने जपली आहे. पण खारघर-कामोठ्याच्या उंच इमारतींत वाढलेल्या मुलांपर्यंत ती फारशी पोहोचत नाही. २०१६मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेने आपल्या शाळांत हा इतिहास क्रमाने शिकवावा. सिडकोच्या स्थापनेनंतर आणि विमानतळाच्या आधी १९८४चा धडा यायलाच हवा. त्यावाचून या शहराला आपली जमीन कोणाची होती आणि ती कशी मिळाली, हे समजणार नाही.