५६००३६

५६००३६ (पाच लाख साठ हजार छत्तीस) ही सहा अंकी सम संख्या. बेंगळुरूच्या पूर्वेकडील कृष्णराजपुरमचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या के. आर. पुरमचा, पिनकोड हाच. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिल्या ५६० वरून बेंगळुरू ओळखायचे, उरलेल्या ०३६ वरून टपाल कार्यालय.

पत्त्यासाठी दिलेल्या या आकड्याचे गणितही रंजक आहे.

विभाजक : ५६००३६ = ४ × १४०००९. यातली १४०००९ ही मूळ संख्या आहे. ३७३ पर्यंतच्या ७४ मूळ संख्यांपैकी एकीनेही तिला पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे ५६००३६ ला सहाच विभाजक मिळतात : १, २, ४, १४०००९, २८००१८ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज ४२००३४, म्हणजे ५६००३६ पेक्षा कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या.

वर्गांची बेरीज : १४०००९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने एकाच प्रकारे लिहिता येते : १४०² + ३४७². दोन्ही पाये दुप्पट केले की ५६००३६ = २८०² + ६९४².

कापरेकर प्रक्रिया : देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत दाखवली. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि उत्तरावर तेच पुन्हा करायचे. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांत मात्र एकच मुक्काम नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि काही सात संख्यांच्या चक्रात फिरत राहतात.

के. आर. पुरमचा आकडा दोनच पावलांत थांबतो :
६६५३०० − ००३५६६ = ६६१७३४
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४
पहिल्या उत्तराचे आणि दुसऱ्या उत्तराचे अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. त्यामुळे पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६३१७६४ च येते.

अंकांची बेरीज : या संख्येच्या अंकांची बेरीज २०. तिने ५६००३६ ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून कापरेकरांच्या हर्षद संख्यांत तिला जागा नाही. ती त्यांची स्वयंभू संख्याही नाही. दुसऱ्या कोणत्याही संख्येत त्या संख्येच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. ५६००३६ ला जनक आहे : ५६००१७ + १९ = ५६००३६. आणि ५६००१७ हा जवळच्याच विमानपुऱ्याचा पिनकोड! त्याचा एक जनक ५६०००३, म्हणजे मल्लेश्वरम. या बाजूची साखळी इथेच सुरू होते, कारण ५६०००३ ही स्वयंभू संख्या आहे. पुढच्या दिशेला के. आर. पुरमनंतर ५६००५६, बेंगळुरू विद्यापीठाचे ज्ञानभारती, आणि मग ५६००७८, जे. पी. नगर.