'एकच प्याला' आणि आपली प्रश्नावली

नकारात्मक विचार आणि विद्यार्थ्यांचं पिणं असा विषय घेतला की आपण थेट एलिस, बेक यांच्यापासून सुरुवात करतो. मराठीत याची एक नोंद त्यांच्याही आधीची आहे : राम गणेश गडकरींचं 'एकच प्याला'.

गडकरी २३ जानेवारी १९१९ला वारले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व (मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं नागठाणे), सुधाकर गणपतराव बोडस.

हे नाटक आपण 'दारूचे दुष्परिणाम' म्हणून वाचतो. संशोधकाने मात्र प्याल्याच्या आधी काय घडतं ते बघावं. सुधाकर गरिबीतून वर आलेला मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते. तो अपमान मनात घोळत राहतो आणि तळीराम विसरण्यासाठी एक प्याला पुढे करतो. पुढे सुधाकर दारू सोडतोही. पण काम मागायला गेल्यावर ओळखीचेच लोक हिडीसफिडीस करतात, आणि तो परत पितो. दोन्ही वेळा क्रम तोच : अपमान, आता सगळं संपलं हा निष्कर्ष, मग प्याला.

तळीरामाचं तसं नाही. त्याचं आर्यमदिरा मंडळ म्हणजे पिणाऱ्यांची मैफल. दारू तीच, कारण वेगळं.

इथे आपल्या कामाचा मुद्दा येतो. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी किती, किती वेळा आणि काय त्रास झाला हे विचारते. का प्यायलात हे विचारत नाही. महाबळेश्वरच्या सहलीत मित्रांबरोबर घेतलेला पेग आणि नापास झाल्यावर खोलीत एकट्याने घेतलेला पेग, मोजणीत दोन्ही एकच. म्हणून जोडीला कारणांची प्रश्नावली हवी. कूपर यांनी १९९४मध्ये चार कारणं वेगळी केली : मौज, सोबत, गटात बसणं आणि दुःख विसरणं. नकारात्मक विचारांचा धागा मुख्यतः चौथ्यात शोधायचा.

आणखी एक. सुधाकरच्या पिण्यामुळेच पुढचे अपमान ओढवतात. म्हणजे बाण दोन्ही दिशांना जातो. एकदाच प्रश्नावली भरून घेतली तर आधी विचार की आधी दारू, हे कळणार नाही. त्याच विद्यार्थ्यांना काही महिन्यांनी पुन्हा विचारावं लागेल.

अर्थात नाटक म्हणजे विदा नव्हे. १९१९च्या प्रेक्षकाला कोणता क्रम पटत होता, एवढंच ते सांगतं. पण आपलं गृहीतक धारदार करायला तेवढं पुरतं.