कायोटी, मेंढरे आणि बंदूक : अमेरिकेतील दोन शतकांचा संघर्ष

कायोटी हा श्वानकुळातील उत्तर अमेरिकी प्राणी. आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा तो थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान असतो. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात त्याचे वजन साधारणपणे ९ ते १६ किलो भरते, तर पूर्वेकडे तो याहून अंगापिंडाने भरलेला आढळतो. करडा-तपकिरी रंग, टोकदार उभे कान आणि धावताना खाली झुकलेली झुपकेदार शेपटी या त्याच्या ठळक खुणा. उंदीर, ससे, हरणाची पाडसे, मेलेली जनावरे, टोळ, फळे असे मिळेल ते खाऊन तो राहतो. माणसाची वस्ती, कोंबड्यांची खुराडी आणि मेंढ्यांचे कळप जवळ आले की तिथेही तो जम बसवतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील माणसाने दोन शतके त्याच्याशी झुंज दिली. वन्यप्राण्याला समूळ नाहीसे करण्याचा खटाटोप किती दूरवर जाऊ शकतो आणि कुठे हरतो, याचे इतके सविस्तर उदाहरण क्वचितच सापडेल.

युरोपीय वसाहतींपूर्वी कायोटीचा मुलूख मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पश्चिम भागातील गवताळ मैदाने, वाळवंटे आणि मेक्सिको एवढाच होता. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांमध्ये तो वारंवार भेटतो. कुठे तो जग घडवणारा, कुठे अग्नी मिळवून देणारा, तर कुठे स्वतःच्या हावेपायी फजीत पावणारा. नावाहो लोकांत त्याच्याविषयी आदर आणि धास्ती दोन्ही आहेत. मैदानांवर त्याच्यावर वचक होता तो लांडग्यांचा. गव्यांच्या (बायसनच्या) प्रचंड कळपांमागे लांडगे फिरत आणि त्यांनी टाकलेल्या शिकारीवर कायोटी हात मारत.

पश्चिमेच्या शोधार्थ निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०४ च्या सप्टेंबरात, आजच्या साउथ डकोटात, हा प्राणी मारून त्याची नोंद केली आणि त्याला माळरानावरचा लांडगा म्हटले. पुढे मेजर स्टीफन लाँग यांच्या मोहिमेतील निसर्गवैज्ञानिक टॉमस से यांनी मिसुरी नदीकाठच्या छावणीत मिळालेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. ते १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा श्वान, हे शास्त्रीय नाव रूढ झाले.

वैर पेटले ते मेंढ्या आल्यावर. अमेरिकी यादवी युद्धानंतर पश्चिमेकडील कुरणांवर गुरे आणि मेंढ्या लाखोंनी आल्या, गव्यांचा संहार झाला आणि लांडग्यांची नजर पाळीव जनावरांकडे वळली. कायोटी मोठ्या गुरांना सहसा हात लावत नाही, पण कोकरू त्याला सहज पेलते. मेंढ्या वसंतात माळावरच वितात आणि नेमक्या याच दिवसांत कायोटीच्या बिळातही पिल्ले असतात. भुकेली पिल्ले असलेली जोडी जोखमीची शिकारही करते. त्यामुळे मेंढपाळाचे सर्वांत मोठे नुकसान या काही आठवड्यांत होते.

नुकसान कोणी केले हे ओळखण्याची कला मेंढपाळ आणि शिकारी यांच्यात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. कायोटी बहुधा जबड्याखाली गळा धरतो आणि श्वास कोंडून जनावर मारतो. मोकाट कुत्री मात्र मागचे पाय, कुशी, कान असे जिथे सापडेल तिथे ओरबाडतात. जाणकार माणूस मेलेल्या कोकराच्या मानेचे कातडे सोलून पाहतो. दातांच्या छिद्रांभोवती आत रक्त साकळलेले असेल तर कोकरू जिवंतपणी धरले गेले. तसे नसेल तर ते आधीच मेले होते आणि कायोटीने फक्त मढे खाल्ले. बंदूक उचलण्यापूर्वी हा पंचनामा करणारा आणि न करणारा, या दोन प्रकारच्या माणसांमधला फरक पुढच्या सगळ्या इतिहासात दिसतो.

सुरुवातीचा उपाय होता बक्षीस. लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस लावण्याची रीत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६३० मध्येच सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील राज्यांनी ती कायोटीलाही लावली. टाळूचे कातडे किंवा कान आणून दाखवावेत आणि पैसे घ्यावेत, असा व्यवहार होता. त्यात फसवणूकही फोफावली. एका परगण्यात कान चालत, तर दुसऱ्यात शेपटी, म्हणून एकच प्राणी दोनदा विकला जाई. पैसे मिळत राहावेत म्हणून काही शिकारी माद्या आणि बिळे जाणूनबुजून सोडून देत. खजिना रिता होई आणि कायोटी होते तितकेच राहत.

बक्षिसाच्या जोडीला विष आले. कुचल्याच्या, म्हणजे कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतून निघणारे स्ट्रिक्नीन अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वस्तात मिळू लागले. कातड्यांसाठी फिरणारे शिकारी गव्याच्या मढ्यात ते भरत आणि दुसऱ्या दिवशी भोवती पडलेले लांडगे, कायोटी, कोल्हे गोळा करत. गरुड, गिधाडे आणि गावची कुत्रीही त्यात मरत.

विसाव्या शतकात हे काम केंद्र सरकारने अंगावर घेतले. ‘बायॉलॉजिकल सर्व्हे’ या खात्याला अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) १९१५ मध्ये शिकारी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी १,२५,००० डॉलर दिले आणि पगारी शिकाऱ्यांची फौज उभी राहिली. विषप्रयोगांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा चालवली गेली आणि १९२१ मध्ये ती डेन्व्हरला आली. म्हातारे घोडे माळावर नेऊन मारायचे आणि त्यांच्या मढ्याभोवती चरबीत गुंडाळलेल्या विषाच्या गोळ्या पेरायच्या, अशी पद्धत ठरून गेली. २ मार्च १९३१ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने या मोहिमेला कायमचे अधिष्ठान मिळाले. दहा वर्षांत एक कोटी डॉलर खर्चण्याचा आराखडा तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कंपाउंड १०८०’ हे रंग, वास आणि चव नसलेले विष हाती आले. १९४७ ते १९५६ या काळात पश्चिमेत सुमारे ६५ लाख कायोटी मारले गेले, असा इतिहासकार डॅन फ्लोरेस यांचा अंदाज आहे.

या संहाराला विरोध आधी वैज्ञानिकांकडून झाला. अमेरिकी सस्तनप्राणी-अभ्यासकांच्या संघटनेत १९२० च्या दशकातच यावर वाद झडले. अ‍ॅडॉल्फ म्युरी यांनी यलोस्टोन उद्यानात कायोटीच्या पाच हजारांहून अधिक विष्ठा तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास केला आणि तो १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. गवतातील उंदीर आणि घुशींसारखे प्राणी हेच त्याचे मुख्य अन्न असल्याचे आणि उद्यानातील हरणांची संख्या त्याच्यामुळे घटत नसल्याचे त्यात दिसले. मेंढीपालकांच्या राजकीय वजनापुढे मात्र हे निष्कर्ष कित्येक वर्षे मागे पडले.

या मोहिमांत लांडगा हरला आणि कायोटी तरला, याचे कारण त्याच्या कुटुंबरचनेत आहे. एका हद्दीत सहसा एकच जोडी विते. आदल्या वर्षीची पोरे काही काळ मदतीला राहतात, पण स्वतः वीत नाहीत. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा आणि एका वेतात चार ते सात पिल्ले. प्रमुख जोडी मारली गेली की ही घडी विस्कटते. तरुण माद्या कमी वयातच वितात, खाणारी तोंडे कमी झाल्याने अधिक पिल्ले जगतात आणि मोकळी झालेली हद्द भटके कायोटी बळकावतात. गाय कॉनोली आणि विल्यम लाँगहर्स्ट या संशोधकांनी १९७५ मध्ये गणिती प्रतिमानातून दाखवले, की दरवर्षी ७० टक्के कायोटी मारले तरी त्यांची संख्या टिकून राहू शकते. ७५ टक्के मारत राहिल्यास त्यांचा नायनाट होण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागतील. इतकी सातत्याची कत्तल एवढ्या मोठ्या मुलखात कोणत्याही सरकारला साधणारी नव्हती.

उलट त्याचा मुलूख वाढला. लांडगे संपलेले, जंगले तोडलेली आणि शेते पसरलेली, अशी वाट त्याला मोकळी मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो न्यूयॉर्क आणि मेन राज्यांत पोहोचला. वाटेत लांडगे आणि कुत्रे यांच्याशी संकर होऊन पूर्वेकडचा कायोटी दणकट झाला. १९८० च्या दशकात तो न्यूफाउंडलंड बेटावर आणि दक्षिणेकडे पनामात गेला. १९९९ मध्ये न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्कमध्ये एक कायोटी पकडण्यात आला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आहे.

शेतघराच्या आसपास फिरणाऱ्या कायोटीला गाठण्याचे कसबही याच काळात घडत गेले. न्यूयॉर्कमधील ओनायडा समुदायात सेवेल न्यूहाउस यांनी बनवलेले पोलादी सापळे एकोणिसाव्या शतकातच देशभर पोहोचले होते. सापळेवाला आधी सापळा उकळून त्याचा वास घालवतो आणि मेण लावतो. पायवाटेच्या कडेला तिरपे बीळ खणून त्यात आमिष ठेवतो, बिळाच्या तोंडाशी सापळा पुरतो आणि वर चाळलेली माती पसरतो. कोणी दुसऱ्या प्राण्याने लपवलेले खाणे हुंगायला आलेला कायोटी नेमका तिथेच पाय ठेवतो. मातीला माणसाचा वास राहिला तर वयस्क कायोटी सापळा उकरून उघडा पाडतात, हे प्रत्येक सापळेवाला जाणतो.

मोकळ्या माळावर ग्रेहाउंड कुत्री आणि घोडे घेऊन पाठलाग करण्याचीही रीत होती. १९०५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ओक्लाहोमात अशा शिकारीला गेले. तिथे जॅक अ‍ॅबरनथी नावाचा घोडेस्वार हातमोजा घातलेला हात थेट कायोटीच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे घालून त्याला जिवंत धरत असे. रूझवेल्ट यांनी त्याच्या धाडसाचे जाहीर कौतुक केले.

आजची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे हाक देऊन बोलावणे. टेक्सासमधील मरी आणि विन्स्टन बर्नहॅम या बंधूंनी १९५० च्या दशकात जखमी सशाच्या किंकाळीची शिट्टी देशभर विकली. पुढे तबकड्या, फिती आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि आधी वास घेतो. म्हणून शिकारी वाऱ्याखालची बाजू उघडी दिसेल अशी जागा निवडतो. जानेवारी-फेब्रुवारीत, माजाच्या दिवसांत, कायोटीच्याच आरोळीची नक्कल उपयोगी पडते. याच दिवसांत कातडेही दाट असते. १९७० च्या दशकात कातड्यांचे भाव चढले तेव्हा हिवाळी शिकार हे अनेक ग्रामीण कुटुंबांचे जोडउत्पन्न झाले.

विषाचा काळ १९७२ मध्ये मोठ्या प्रमाणात संपला. ८ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्यास बंदी घातली आणि पाठोपाठ सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या विषांची नोंदणी रद्द केली. काही वर्षांत सायनाइड फेकणाऱ्या ‘एम-४४’ नळ्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि निक्सन यांचा आदेश १९८२ मध्ये मागे घेतला गेला, पण पूर्वीचा मुक्त विषप्रयोग परतला नाही. विमानातून गोळीबार करण्यास १९७१ च्या कायद्याने मनाई केली, मात्र पशुधन वाचवण्यासाठी परवान्याची सवलत ठेवली. ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ हे सरकारी खाते आजही वर्षाला ६० हजारांच्या आसपास कायोटी मारते.

याच सुमारास राखणीची जुनी विद्या अमेरिकेत पोहोचली. कळपासोबत कुत्री ठेवणे दख्खनच्या धनगरांना किंवा अनातोलियाच्या मेंढपाळांना नवे नव्हते, पण अमेरिकी कुरणांवर ती रीत रुजलेली नव्हती. १९७० च्या दशकात रे आणि लोर्ना कॉपिंजर यांनी हॅम्पशर कॉलेजातून राखणदार कुत्र्यांचा प्रकल्प चालवला. पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांत वाढवले की ते त्यांनाच आपले समजते. ते कायोटीच्या मागे फार धावत नाही, कळपाजवळ उभे राहून भुंकते आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. काही जण लामा आणि गाढवेही ठेवतात. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याने २००० मध्ये सरकारी शिकाऱ्यांचा करार थांबवून तो पैसा कुंपणे आणि राखणदार जनावरांकडे वळवला.

त्याच राज्यातील हॉपलंडच्या संशोधन केंद्रातील अभ्यासांनी शिकाऱ्यांसाठीही मोलाची गोष्ट पुढे आणली. कोकरे मारणारे बहुतेक कायोटी म्हणजे त्या हद्दीतील विणारी जोडी असे. सरसकट गोळीबारात मारले जातात ते मुख्यतः तरुण आणि भटके. दोषी जोडीच टिपली तर नुकसान काही काळ थांबते. उलट मेंढ्यांना हात न लावणारी जोडी मारली तर तिच्या जागी उपद्रवी कायोटी येण्याचा धोका असतो.

घराच्या अंगणापुरता प्रश्न याहून सोपा आहे. शिकागोच्या परिसरात २००० पासून स्टॅन्ली गेर्ट यांनी केलेल्या अभ्यासात उंदीर, ससे, हरणे आणि फळे यांचे अंश विष्ठांत भरपूर सापडले, तर पाळीव मांजरांचे फारच थोडे. धीट झालेल्या कायोटीमागे बहुधा माणसाने टाकलेले खाणे असते. कचरा आणि कुत्र्याचे अन्न झाकणे, खुराडे रात्री बंद करणे, लहान कुत्र्यांना एकटे न सोडणे आणि दिसताच ओरडून, भांडी वाजवून हुसकावणे, हे उपाय तिथे पहिले मानले जातात. माणसावर जीवघेणे हल्ले अत्यंत विरळ आहेत. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात आणि २००९ मध्ये कॅनडात, असे दोनच मृत्यू नोंदले गेले आहेत. रेबीजचा धोकाही बंदुकीविना आटोक्यात आला. दक्षिण टेक्सासमध्ये १९८८ पासून कायोटीत पसरलेली साथ, १९९५ पासून विमानातून लस भरलेली आमिषे टाकून, दहा वर्षांच्या आत संपवण्यात आली.

कायद्यात मात्र एकवाक्यता नाही. अनेक राज्यांत कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे. न्यूयॉर्कमध्ये ती ऑक्टोबर ते मार्च एवढीच चालते. यूटा राज्य २०१२ पासून एका कायोटीमागे ५० डॉलर देते. दुसरीकडे, सर्वाधिक कायोटी मारणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये, व्हर्मॉन्टने २०१८ मध्ये आणि त्यानंतर न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, न्यूयॉर्क अशा राज्यांनी बंदी घातली. या बंदीला पाठिंबा देणाऱ्यांत शिकारीही होते, कारण ढिगाने मारून फेकून देणे त्यांच्या शिकारधर्मात बसत नव्हते. दोन शतकांच्या या अनुभवातून शिकाऱ्याची योग्य भूमिकाही स्पष्ट झाली आहे. कुंपण आणि कुत्रा यांना जे जमले नाही, त्या ठिकाणी, पंचनामा करून, नेमक्या उपद्रवी जनावरापुरते त्याचे काम आहे. सरसकट संहाराने मेंढपाळाचे भले झाले नाही आणि कायोटीही संपला नाही.