ताम्रपटावरचा गरुड आणि फोनवरचा साहेब

आपल्या खारेपाटणचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे ते ताम्रपटांमुळे. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ सालचा शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इथलाच. परदेशातून येणाऱ्या दर गलबतामागे सोन्याचं एक गद्याण देवळाच्या खर्चाला द्यावं, असं त्यात कोरलंय. दुसरा शके १०१६ चा, अनंतदेवाचा. त्यात दोन अमात्यांच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चेऊल अशा बंदरांत जकात माफ केली आहे. कर घ्यायचा असो की सोडायचा, राजाचा शब्द तांब्यावर लागे. शिलाहारांची खूण गरुडाची.

खोटे ताम्रपट करणारेही होतेच. बनावट राजशासन करणाऱ्याला मनुस्मृतीत देहान्त सांगितलाय, तो काही उगाच नाही.

आता ऑक्टोबर २०१६. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री धाड घातली आणि सातशेहून जास्त माणसं ताब्यात घेतली. बरीचशी तरुण पोरं. ती अमेरिकेतल्या लोकांना फोन करून तिथल्या कर खात्यातून बोलतोय म्हणत. कर थकलाय, आत्ता भरा, नाहीतर अटक. पैसे कसे द्यायचे? दुकानातून गिफ्ट कार्ड आणायचं आणि त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा! कुठलं सरकार असा कर घेतं? पण भ्यालेल्या माणसाला हे सुचत नाही.

आपल्याकडे धाकाबरोबर लालूचही येते. ‘तुमचा आयकर परतावा मंजूर, लिंक दाबा.’ जिने जन्मात विवरणपत्र भरलं नाही तिलाही! खरा परतावा आधी पडताळलेल्या बँक खात्यात जमा होतो, त्यासाठी ओटीपी किंवा पिन कुणी मागत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या नोटिशीवर डीआयएन क्रमांक असावा लागतो. तो खात्याच्या पोर्टलवर तपासता येतो. आजचा गरुड तो.

नुसता संशय आला, तर संचार साथीच्या ‘चक्षू’वर नंबर कळवा. पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी बँकेला ती अडवता येते. मेसेज पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

गटाचं खातं बहुधा सचिवबाईच्या फोनवर असतं. चूक झाली की ती आधी घरच्यांना भिते, मग गटाला, आणि १९३० ला फोन जातो तिसऱ्या दिवशी. मला विचाराल तर खरं नुकसान या तीन दिवसांत होतं. पुढच्या बैठकीत एवढं ठरवून टाका: पहिला फोन १९३० ला, आपल्याला मागाहून सांगितलं तरी चालेल.