तीन घटक, एक कारखाना

सोरा, गंधक आणि कोळसा हे बंदुकीच्या काळ्या दारूचे तीन घटक शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. इतकी साधी वस्तू दुर्मिळ कशी होईल? अमेरिकेत २०२१ साली हा प्रश्न खरोखरच उभा राहिला.

तेथे ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू तयार केली आणि पुढे सैन्यांनी काळी दारू बाजूला सारली. पण ठासणीच्या बंदुकीत निर्धूर दारू भरली, तर वायूंच्या जादा दाबाने नळी फुटू शकते. चकमकीच्या ठिणगीने चटकन पेटते तीही काळी दारूच.

लाव्हाझिएच्या हाताखाली शिकलेल्या ड्यू पाँ यांनी १८०२ मध्ये डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी दारूच्या गिरण्या उभारायला सुरुवात केली. १९२१ मध्ये त्या बंद झाल्या. मागणी घटत जाऊन देशात मोठ्या प्रमाणावर काळी दारू बनवणारा एकच कारखाना उरला, लुइझियानातील मिंडेनचा. सप्टेंबर २०२१ मध्ये मालकांनी तोही बंद करण्याचे जाहीर केले. परदेशी दारू मिळे. पण स्फोटक म्हणून तिच्या वाहतुकीवर कडक निर्बंध असतात.

२०२२ मध्ये कारखाना वाचला. तो घेतला एस्टेस या छोटे हौशी अग्निबाण बनवणाऱ्या उद्योगसमूहाने. त्या अग्निबाणांनाही काळी दारूच लागते!

घटक ठाऊक असणे वेगळे आणि ते सुरक्षितपणे दळून एकसारखे दाणे पाडणे वेगळे. कृती पुस्तकात टिकते. कसब मात्र चालू गिरणीतच टिकते.