फॉरेक्स ट्रेडिंग: पैसे टाकण्याआधी हे शब्द समजून घ्या

'हजार रुपयांत लाखाचा ट्रेड' अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. तिचा खरा अर्थ कळायला पुढचे शब्द माहीत हवेत.

करन्सी पेअर: चलनाचा व्यवहार जोडीनेच होतो. डॉलर-रुपया ८५ म्हणजे एका डॉलरला ८५ रुपये.

बिड, आस्क, स्प्रेड: तुम्ही विकाल तो भाव बिड, विकत घ्याल तो आस्क. दोन्हींतला फरक म्हणजे स्प्रेड. बिड ८५.१० आणि आस्क ८५.१२ असेल, तर १,००० डॉलर घेऊन लगेच विकल्यास २० रुपये जातात.

पिप: भावातला छोटा बदल मोजण्याचे एकक. युरो-डॉलरमध्ये ०.०००१, डॉलर-येनमध्ये ०.०१.

लॉट: व्यवहाराचा ठरलेला आकार. एनएसईवर डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा असतो.

मार्जिन, लेव्हरेज: मार्जिन म्हणजे अनामत रक्कम. लेव्हरेज १:१०० असेल, तर १,००० रुपयांवर १ लाखाचा व्यवहार होतो. पण भाव १ टक्का उलटा गेला, की ते हजार रुपये संपले. जाहिरात नेमके हेच सांगत नाही.

कायदा काय सांगतो? फेमा कायद्यानुसार असे व्यवहार रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करता येतात. रुपयाच्या जोडीत तिथेही परकीय चलनाचे प्रत्यक्ष देणे-घेणे असावे लागते. अनधिकृत ॲप वापरणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची 'अलर्ट लिस्ट' जरूर पाहा. मात्र, यादीत नाव नाही म्हणजे ॲपला परवानगी आहे, असे समजू नका.